बोलावल्याशिवाय न येणारी

भावी, तू गेल्याला अजून महिना व्हायचा आहे आणि तुझी आठवण आली की मला रडण्यापेक्षा हसूच जास्त येतं. परवा पंचायत समितीत कॉम्प्युटरवर नोंदी भरता भरता मध्येच हसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय गं वनिता, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, एक व्हॅम्पायर आठवली." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि परत फाइलीत तोंड घातलं.

आपल्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी सरांनी तुझ्यावर लिहायला सांगितलं आहे. सोबत एक कागद दिलाय, जन्म, शिक्षण, छंद असे रकाने पाडलेला. छंदासमोर काय लिहू? "रक्त घेणे"? तू असतीस तर तेच लिहायला लावलं असतंस आणि वर सरांचा चेहरा बघायला स्वतः आली असतीस. मी तो कागद बाजूला ठेवलाय आणि सरळ तुझ्याशीच बोलते आहे.

आपला एक वाद अर्धा राहिला आहे आणि एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे. तुझ्या त्या शंभरपानी वहीत माझा एक नंबर असावा, एवढीच माझी इतकी वर्षं इच्छा होती. त्या इच्छेचं पुढे काय झालं ते तुला ठाऊक नाही. तेच सांगायचं आहे. पण पहिल्यापासून सांगते, कारण मधूनच सुरू केलेली गोष्ट तुला चालत नसे. सिरियलचा पहिला भाग कुणी चुकवला असेल तर तू दुसरा लावतच नव्हतीस.

दोन हजार चौदाचा पावसाळा होता. आपला बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग. मी तलासरीच्या आतल्या पाड्यातून आलेली, आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली पहिलीच. डहाणूच्या वसतिगृहात एक लोखंडी पेटी आणि दोन ड्रेस. तू झाईची, चिकूच्या वाडीवाल्यांची, आजारपणात दोन वर्षं गेल्यामुळे आमच्यापेक्षा मोठी, नखांना काळा रंग, कानात वायर, आणि दोन्ही हातांवर सुयांच्या खुणा. मागच्या बाकावर जागा नव्हती म्हणून मी तुझ्याशेजारी बसले. खुणा दिसल्या तशी विचारून टाकलं, "हाताला काय झालं?"

तू कानातली वायर काढलीस. "मी व्हॅम्पायर आहे. मला दर तीन आठवड्यांनी माणसाचं रक्त लागतं."

मला तो शब्दच माहीत नव्हता. त्याच महिन्यात जातीच्या दाखल्यासाठी मी आणि बाबा तहसीलदार कचेरीत पाच चकरा मारून आलो होतो, डोक्यात तेच होतं. मी विचारलं, "तुमच्यात दाखला मिळतो का लवकर?"

तू बाकावर डोकं ठेवून इतकी हसलीस की मॅडमनी आपल्या दोघींना बाहेर काढलं. कॉलेजचा माझा तिसरा दिवस होता तो. वर्गाबाहेर उभं राहायची शिक्षा मला तोवर कधीच झाली नव्हती, त्यामुळे मी रडायच्या बेतात होते. तू म्हणालीस, "चल, बाहेर काढलंच आहे तर समुद्रावर जाऊ." भर दुपारी, उन्हात. तिथे सुरूच्या झाडाखाली तू सांगितलंस की तुझ्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, जन्मापासून. थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी शटल गाडीनं वापीला जाऊन दुसऱ्याचं रक्त चढवून घ्यावं लागतं. मग तू दोन्ही हात उन्हात धरलेस आणि म्हणालीस, "बघ, व्हॅम्पायरची उन्हात राख होते, माझी अजून झाली नाही. म्हणजे मी चांगल्यांपैकी आहे."

डहाणू स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानातून तू मेमरी कार्ड भरून आणायचीस. परदेशी सिरियली, हिंदीत डब केलेल्या. फिकट, देखणी मुलं, वय दोनशे वर्षं आणि अजून कॉलेजात. एक वायर तुझ्या कानात, एक माझ्या. मला पहिल्यांदा फक्त भीती वाटली, नंतर कंटाळा आला, आणि मग मी तुझ्याकडे बघायला लागले. पडद्यावरचा तो रक्तपिपासू "मैं किसी मासूम की जान नहीं लूँगा" म्हणायचा तेव्हा तू हात जोडायचीस. आधी मला वाटलं, चेष्टा चाललीय. चेष्टा नव्हती.

हे कळायला मला वर्ष लागलं. तू दहा वर्षांची असताना घरी आलेल्या कुणा नातेवाईक बाई तुझ्या आईला म्हणाल्या होत्या, मागच्या जन्मी हिनं कुणाचं तरी रक्त आटवलं असेल, म्हणून या जन्मी असं. तू दाराआड ऐकलंस. पुढे कितीतरी वर्षं पिशवी लटकवली की तुला लाज वाटायची. देवळात जाऊन तू विचारलंस, तिथून काही आलं नाही. मग सोळाव्या वर्षी ती पहिली सिरियल बघितलीस. "वनू, त्यात एक जण होता," तू मला सांगितलंस, "जो दुसऱ्याच्या रक्तावर जगतो, त्याला ते माहीत आहे, त्याची त्याला लाज आहे, आणि तरी तो चांगला कसं व्हायचं ते शोधतोय. आणि तो हिरो आहे, वनू. सगळ्या पोथ्यांत शोधलं मी. माझ्यासारखा कुणी तिथेच भेटला."

मी त्यावर जे म्हटलं त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, "पण ते टीव्हीवाल्यांनी धंद्यासाठी बनवलंय. त्यात कसला देव?"

तू शांतपणे विचारलंस, "तुमची वारली चित्रं आता कपबशीवर येतात ना?"

"हो."

"त्या कपात पालघट देवी आहे?"

"नाही."

"पण तो कप बघून मुंबईतल्या तुमच्या एखाद्या पोरीला लग्नात भिंतीवर काढलेला देवीचा चौक आठवला, तिनं मनात हात जोडले, तर?"

वसतिगृहात परत येऊन रात्रीचं ताट घासेपर्यंत मी त्याचं उत्तर शोधत होते.

तुझे नियम मग हळूहळू कळत गेले. बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, हा पहिला. लागेल तेवढंच घ्यायचं. न विचारता घेतलेलं पचत नाही. परदेशात स्वतःला खरोखरच व्हॅम्पायर मानणारे लोक आहेत, त्यांचे लेख तू मोबाइलवर वाचायचीस आणि मला मराठीत करून सांगायचीस. त्यांच्या काळ्या झग्यांना तू पोट धरून हसलीस. "आपल्या डहाणूच्या घामात एक तास घालून दाखवा म्हणावं." पण त्यांचं एक वाक्य तू वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंस, की आपण घेतो हे कबूल करावं, लपवू नये. त्याच वहीत तू प्रत्येक पिशवीवरचा नंबर उतरवून घेत होतीस. देणाऱ्याचं नाव कुणाला सांगत नाहीत, म्हणून नंबर. पानामागून पान, लांबलचक आकडे. मला ती वही बघून बोर्डाच्या निकालाची आठवण यायची.

आरशाचंही तसंच. व्हॅम्पायर आरशात दिसत नाहीत म्हणून तू तुझा तो गोल, गुलाबी कडेचा आरसा मला देऊन टाकलास. "मला काय उपयोग, मी दिसतच नाही." आजारानं तुझ्या गालांची हाडं वर आली होती आणि मुली मागून काय बोलायच्या ते आपल्या दोघींनाही माहीत होतं. पण तू ते वाक्य इतक्या मजेत म्हणालीस की मी आरसा घेतला आणि काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? तो आरसा अजून माझ्याकडे आहे. रोज सकाळी त्यात बघून टिकली लावते.

आणि तुझी आई. बिचाऱ्या काकू. तू देवघराच्या भिंतीलाच त्या लाल ओठांच्या पोराचं पोस्टर लावलंस. काकूंनी चार दिवस तोंड फिरवून पूजा केली. पाचव्या दिवशी उदबत्ती ओवाळताना हात आपोआप त्याच्यापुढेही फिरला. मी तिथेच होते. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "असू दे. आमच्या पोरीला हसवतो ना तो." मग जेवताना त्यांनी तुझ्या ताटात सुकटीची चटणी वाढली, त्यात मूठभर लसूण, कारण लसणानं व्हॅम्पायर मरतात, आणि तुला म्हणाल्या, "ही खाऊन मेली नाहीस तर तू माझीच पोरगी." तू दोनदा मागून घेतलीस.

तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात तू आमच्या पाड्यावर आलीस. मी घाबरले होते. आमचं कुडाचं घर, तुमच्या वाडीतलं दुमजली. मी आत शिरले, मागे वळून बघते तर तू उंबऱ्याबाहेर उभी. मी म्हटलं, ये ना. तू मान हलवलीस आणि बाबाकडे बघत राहिलीस. बाबा ताडीचं मडकं घेऊन नुकताच आला होता. आमच्यात बापाला अहो-जाहो नसतं, तेव्हा तुला ते ऐकून मजा वाटली होती, तसंच लिहिते. बाबानं विचारलं, "ही बाहेर का उभी?"

"ती बोलावल्याशिवाय आत येत नाही," मी म्हटलं.

"मग तू बोलावलं नाहीस काय?"

"घर तुमचं आहे, बाबा," तू म्हणालीस.

बाबाला ते फार आवडलं. मडकं खाली ठेवून, हात पुसून तो दारात आला. "ये, पोरी. आत ये." आणि तू डोकं खाली वाकवून आलीस, एखाद्या देवळात शिरावं तशी.

मग बाबानं पानाचा द्रोण भरला आणि प्यायच्या आधी बोटांनी तीन थेंब जमिनीवर सोडले. तू लगेच विचारलंस, हे काय.

"आधीच्यांचे," बाबा म्हणाला. "झाड त्यांनी राखलं. त्यांना टाकून आपण कसं प्यायचं?"

तू वाकून ते ओले ठिपके बघितलेस. मग तू बाबाला सगळं सांगितलंस, आजार, पिशव्या, आणि व्हॅम्पायरसुद्धा. बाबानं फार लक्ष देऊन ऐकलं आणि आमच्या भाषेत एकामागून एक प्रश्न विचारले. त्या रक्तपित्याच्या पाड्यात भगत नाही का? दोनशे वर्षं जगतो तर त्याची शेती कोण बघतं? तू सांगितलंस की चांगला असतो तो माणसाचं घेत नाही, रानातल्या हरणाचं घेतो. बाबा म्हणाला, "हरणाला विचारलं काय?"

तू माझ्याकडे बघितलंस. "वनू, तुझ्या बाबांनी अख्ख्या सिरियलची वाट लावली."

मग बाबानं विचारलं, "आणि तुला रक्त देतात ते कोण?"

"माहीत नाही. नुसता नंबर असतो."

"मग नंबरालाच हाक मार."

"नंबराला?"

"नाव काय आणि नंबर काय. हाक मारली की झालं."

तेव्हापासून तू वापीला रक्त चढवायच्या आधी बाहेरच्या जास्वंदीखाली बाटलीतलं पाणी तीन थेंब टाकायला लागलीस आणि हळू आवाजात आधीच्या वेळचा नंबर म्हणायचीस. एकदा तिथला वॉचमन म्हणाला, "बेन, ओटीपी आला का?" तू "हो, लागला" म्हणालीस.

पुढच्या भादव्यात आमच्याकडे नवं होतं. हळव्या, म्हणजे लवकर येणाऱ्या भाताचा पहिला तांदूळ आधी पूर्वजांना वाढायचा, एकेकाचं नाव घेऊन बोलवायचं, मग घरच्यांनी खायचं. तू वही घेऊन आलीस. बाबानं आपल्या म्हाताऱ्यांची नावं घेतली, "धावजी, ये. लखमी, ये." मग मला म्हणाला, वाच. मी वहीतला एकेक नंबर वाचायचे, बाबा तो जमेल तसा म्हणायचा आणि शेवटी "ये" जोडायचा. माझा काका मागून कुजबुजला, "हे काय, रिचार्जचे नंबर का?" चौथ्या पानावर बाबा थांबला. "सगळे बोलावले तर भात निवेल. या सालातले घेऊ. बाकीच्यांना सांग, राग मानू नका."

मी म्हटलं, "बाबा, यातले कितीतरी जिवंत असतील."

"मग? जिवंत माणसाला जेवायला बोलवत नाहीत काय?"

तू त्या दिवशी हसता हसता रडलीस. घरी जाताना इको गाडीत मला म्हणालीस की आता तुझा धर्म पूर्ण झाला, अर्धा मेमरी कार्डातून मिळाला होता आणि अर्धा आमच्या पाड्यावर.

आता माझ्या नंबराचं.

मला तुला रक्त द्यायचं होतं. तू मला इंग्रजीच्या पेपरातून पास करवलंस, फॉर्म भरायला शिकवलंस, साहेबासमोर मान वर करून कसं बोलायचं ते शिकवलंस. माझ्याकडे तुला द्यायला दुसरं काही नव्हतं. कॉलेजच्या शिबिरात पहिल्यांदा गेले तेव्हा काट्यावर एकोणचाळीस किलो. पंचेचाळीस लागतात. पुढच्या वर्षी तुझ्याबरोबर वापीच्या ब्लड बँकेत गेले. तुमच्या वाडीतले कच्चे चिकू ड्रेसच्या दोन्ही खिशांत आणि ओढणीच्या आत कमरेला बांधून. काट्यावर पंचेचाळीस भरले. तिथले तंत्रज्ञ किरीटभाई खूश. मी खाली उतरले आणि एक चिकू घरंगळत त्यांच्या बुटापाशी गेला.

किरीटभाईंनी तो उचलून बघितला. "वनिताबेन, हे पण डोनेट करायचं आहे?"

तू बाकावर बसली होतीस. म्हणालीस, "मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. फसवून दिलेलं व्हॅम्पायरला चालत नाही." आणि चिकू मात्र सगळे किरीटभाईंना देऊन आलीस, पिकल्यावर खा म्हणून.

नोकरी लागल्यावर माझं वजन वाढलं. अठराच्या सुरुवातीला पुन्हा गेलो. वजन पास झालं आणि हिमोग्लोबिन साडेदहा निघालं, लागतं साडेबारा. रक्त चढवून चढवून तुझ्या अंगात लोह साठायचं म्हणून तू ते काढायच्या गोळ्या पाण्यात विरघळवून प्यायचीस, आणि माझ्यात लोहच नव्हतं. तू म्हणालीस, "आपल्या दोघींना वितळवून एक धड बाई करायला पाहिजे." मी हसले. मग किरीटभाईंनी माझा रक्तगट सांगितला. बी. तुझा ओ. म्हणजे माझं रक्त तुला कधी, कितीही झालं तरी, चालणार नव्हतं.

मी तिथेच रडायला लागले. आणि तू, भावी, तुझा चेहरा उजळला. खरंच उजळला. "बरं झालं," तू म्हणालीस. "आता तुला माझ्यासाठी द्यायचं नाही. आता नुसतं द्यायचं. ज्यांचे नंबर मी लिहिते त्यांच्यातलं कोण मला ओळखतं?"

मी म्हटलं, "मी कुणा परक्यासाठी नाही आले. तुझ्यासाठी आले होते."

"म्हणून तर म्हणते."

"तुला चालणारच नाही तर मी कशाला देऊ?"

हाच आपला वाद. शटलमध्ये वापीपासून घोलवडपर्यंत चालला आणि तिथे तू उतरलीस म्हणून थांबला. त्यानंतर मी किरीटभाईंनी सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या घेतल्या नाहीत. वर्षभर काट्यावर चढले नाही. तू विचारायचीस, मी कामाचं कारण सांगायचे. तू कधी रागावली नाहीस. फक्त एकदा म्हणालीस, "वनू, आमंत्रण मला नकोच आहे. मी आत येऊन बसलेली आहे. बाहेर कुणी उभं असेल त्याचं बघ."

या मे महिन्यात तुझं हृदय दमलं आणि तुला दवाखान्यात ठेवलं. काचेतून तुझ्या हाताला लावलेली पिशवी बघितली. ती देणारा माणूस तुला ओळखत नव्हता. त्या दुपारी आरोग्य उपकेंद्रातून लोहाच्या लाल गोळ्या आणल्या. भावी, तुला सांगायची राहिलेली गोष्ट ती हीच. मेपासून मी एकही गोळी चुकवली नाही. नाचणी, शेवग्याचा पाला, गूळ, जे कुणी सांगेल ते खाल्लं. तुला सांगितलं नाही, कारण इतक्यांदा नुसतं बोलून झालं होतं, या वेळी करून दाखवायचं होतं. जुलैत झाईला तुझ्याकडे आले तेव्हा तू ओट्यावर उशीला टेकून बसली होतीस. विचारलंस, "गोळ्या?" मी म्हटलं, "विसरते गं." मनात हसत होते.

तू म्हणालीस, "बरं. आठवेल तेव्हा घे."

श्रावणात तू गेलीस. मी विसरले असंच समजून गेलीस. याचं वाईट वाटतं, फार वाटतं. पण तुझा तो "बरं" आठवतो. त्यात रुसवा नव्हता. तुला खात्री होती, मला नव्हती, एवढाच फरक.

तुझा तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी एकटी वापीला गेले. किरीटभाईंनी मला बघितलं, खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "आवो, वनिताबेन. आज खिशात काय आणलं?"

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले.

सत्तेचाळीस किलो. बोटाला सुई टोचली. बारा पॉइंट सात. किरीटभाईंनी दोनदा तपासलं आणि मशीनकडे बघतच म्हणाले, "भाविकाबेनला फोन करायला पाहिजे होता." मग आपलं आपणच चष्मा पुसत बसले. मी त्यांना सांगितलं की तिला कळवायची एक पद्धत आमच्याकडे आहे. पिशवी भरायला फार वेळ लागत नाही. इतकी वर्षं त्याच्यासाठी, आणि चहा पिऊन होईल एवढ्यात झालंसुद्धा. उठताना जरा गरगरलं, त्यांनी बिस्कीट दिलं. बाहेर येऊन जास्वंदीखाली बाटलीतले तीन थेंब टाकले. मी देणारी होते, मला टाकायची गरज नव्हती, पण सवय तुझी बघितलेली.

आणि काल नवं झालं. सकाळी काकूंचा फोन आला, "वनिता, वही घेऊन जा गं. बाबांना लागेल ना आज." मी झाईला जाऊन आणली. काकूंनी वहीला वर्तमानपत्राचं नवं कव्हर घातलं होतं आणि सोबत चटणीची बरणी दिली. पोस्टर अजून भिंतीवर आहे. त्याला हार घातलेला नाही, तुझ्या फोटोला घातला आहे, पण उदबत्ती दोघांना एकच.

बाबानं आधी आपल्या म्हाताऱ्यांना बोलावलं. मग मी या सालातले नंबर वाचले, तो म्हणत गेला. आता त्याला आकडे बरे जमतात. शेवटचा नंबर झाला आणि तो थांबला. "आता झाईवाली. हिला कुठं बसवायची? आपल्या म्हाताऱ्यांत का नंबरवाल्यांत?"

काका म्हणाला, "आपल्यांत घे. आपल्याकडे जेवली आहे ती."

बाबानं विचार केला. "म्हाताऱ्यांत कंटाळेल. धावजी काय बोलेल तिच्याशी? नंबरवाल्यांत बसवू. इतकी वर्षं लिहीत होती त्यांना. आता भेटू दे."

मग तो माझ्याकडे वळला. "तुझा पण नंबर आहे ना आता? म्हणू?"

वहीत पुढची ओळ रिकामी होती. किरीटभाईंनी दिलेला नंबराचा कागद माझ्या पर्समध्ये होता. इतकी वर्षं मला तो त्याच ओळीवर हवा होता. मी म्हटलं, "नको. माझा दुसरीकडे कुणीतरी म्हणेल."

"आणि नाही म्हटला तर?"

"तरी चालेल."

माझ्याच तोंडून ते ऐकलं आणि घोलवडला थांबलेला आपला वाद संपला, भावी. तू जिंकलीस. तू असतीस तर महिनाभर चिडवलं असतंस.

बाबानं पानावर नव्या भाताचा घास ठेवला. बाजूला काकूंची चटणी ठेवायला मी सांगितलं, लसणासकट. त्यानं द्रोणातलं पाणी बोटावर घेतलं, तीन थेंब सोडले आणि दाराकडे तोंड करून, पहिल्या दिवशी म्हटलं होतं तसंच म्हटलं.

"ये, पोरी. आत ये."

आम्ही सगळे दाराकडे बघत होतो. उंबऱ्यावर लख्ख ऊन पडलं होतं. तुला उन्हाचं कधीच काही वाटलं नाही.